शंभर अधिक दहा टक्के बरोबर १००.१

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी एप्रिलपासून मेंटेनन्स दहा टक्क्यांनी वाढवला. ठराव सभेत रीतसर मंजूर झाला, बटाटेवडे झाले, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला. महिनाअखेरीस बिलं आली. आधी २५०० होतं, आताही २५००. काकू खूश. काकांनी मला खाली बोलावलं, कारण मी खजिनदार आणि ‘तुला एक्सेल येतं ना गं’ या सदरात मोडणारी.

शीट उघडली. सी२ चौकटीत सूत्र होतं: =बी२+१०%. दशांश दाखवायचं बटण दाबलं, तर २५००.१०. चौसष्ट फ्लॅट, प्रत्येकी दहा पैसे. एकूण वाढ सहा रुपये चाळीस पैसे. त्यात वड्यांसोबतची मिरचीसुद्धा येत नाही.

“पण मोबाइलवर करून बघितलं होतं मी,” काका म्हणाले. खरंच बघितलं होतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर २५०० अधिक १० टक्के दाबलं की २७५० येतात. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर आहेत, ही यातली गंमत. कॅल्क्युलेटर वाण्यासारखा आहे. ‘दहा टक्के’ म्हटलं की ‘आधीच्या आकड्याचे’ हे तो मनानेच समजून घेतो. शीट मात्र कारकून आहे. टक्क्याचं चिन्ह दिसलं की आधीच्या आकड्याला शंभराने भागायचं, एवढंच त्याला माहीत. १०% म्हणजे ०.१. २५०० अधिक ०.१ म्हणजे २५००.१. संपला विषय.

काकांना हवं होतं ते =बी२*(१+१०%), किंवा त्याहून आटोपशीर =बी२*११०%. (इथे अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत, शीटमध्ये अर्थातच रोमन टंकायची.)

त्या संध्याकाळपासून मी टक्क्यांच्या गमती गोळा करतेय.

वेषांतर

चौकटीत १० लिहा आणि नंतर टक्क्याचं बटण दाबा. १०००% दिसेल. आधी बटण दाबून मग १० लिहा. १०% दिसेल. बटण आकडा बदलत नाही, फक्त त्याचा वेष बदलतं. आत १० असेल, तर टक्क्याच्या वेषात तो हजार टक्केच दिसणार. माऊसचा कंटाळा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि ५ एकदम दाबा. टक्क्याचं चिन्ह ५ च्याच कळीवर बसलेलं आहे, म्हणून लक्षातही राहतं.

याचाच महागडा भाऊ म्हणजे ०.२५ आणि ०.२५%. हाउसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दरसाल, असा सांगितला आहे. फ्लॅटचा बांधकाम खर्च वीस लाख धरला तर वर्षाचे पाच हजार. आता चौकटीत ०.२५ लिहून पुढचं चिन्ह विसरा. पाच लाख होतात. पाव टक्का आणि पाव भाग यांत शंभरपटीचं अंतर आहे आणि शीट त्याबद्दल हूं की चूं करत नाही.

सवाई म्हणजे १२५%

आपल्या आजी-आजोबांनी टक्के न म्हणता टक्के केले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे आता सांगावं लागतं. ही सगळी पाढ्यांची यादी म्हणजे २५%, ५०%, ७५%, १२५%, १५०%, २५०% आणि ३५०% यांचे तोंडपाठ केलेले रकाने. वीज लागत नसे, छडी लागे.

सवाई म्हणजे सव्वापट. सवाई माधवराव या नावात १२५% दडलेले आहेत. कुंदगोळच्या रामभाऊंना ‘सवाई गंधर्व’ म्हटलं गेलं, तेव्हा म्हणणाऱ्याने नकळत =गंधर्व*१२५% हेच सूत्र लिहिलं.

‘सोळा आणे खरं’ म्हणजे शंभर टक्के. रुपयाचे सोळा आणे १ एप्रिल १९५७ ला जाऊन शंभर नवे पैसे आले आणि त्या दिवसापासून पैसा हाच टक्का झाला. महसूल खात्यात तर तो शब्दशः झाला. पिकाची ‘आणेवारी’ पुढे ‘पैसेवारी’ झाली. गावाची अंतिम पैसेवारी पन्नासच्या आत की वर, यावर टंचाईच्या सवलतींचं भवितव्य वर्षानुवर्षं ठरत आलं. ‘पन्नास पैशांपेक्षा कमी’ म्हणजे प्रमाण उत्पन्नाच्या ५०% हूनही कमी. शहरातल्या वाचकाला पैसे म्हटल्यावर पैसेच वाटतात, गावातल्याला बरोबर कळतं.

तुर्की भाषेत टक्क्याचं चिन्ह आकड्याच्या आधी येतं, %५० असं, कारण ते लोक बोलतानाही ‘शंभरात पन्नास’ म्हणतात. आपण हसायचं कारण नाही. आपलंही ‘शेकडा पन्नास’च होतं. आणि चिन्हाचा तिरकस गोल-रेघ-गोल अवतार उतरला तो इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या वह्यांतून. ‘पेर चेंतो’, म्हणजे ‘शंभरामागे’, हे पंधराव्या शतकात घाईघाईत लिहिता लिहिता झिजत गेलं.

चौथाईची शीट

टक्क्याचा टक्का कसा काढतात, हे कुणाला शिकवायचं असेल तर माझं आवडतं उदाहरण मराठेशाहीचं आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा, २५%. सरदेशमुखी त्याखेरीज, १०%.

खरी मौज चौथाईच्या आतल्या वाटणीत आहे. चौथाईचे पुन्हा शंभर भाग कल्पून २५ राजाचे, त्यांना म्हणत बाबती. ६६ सरदारांकडे, फौज पोसायला, तो मोकासा. ६ पंत सचिवांचे, ती सहोत्रा. उरलेले ३ राजाच्या मर्जीने कुणालाही द्यायचे, ते नाडगौडा. बेरीज करा: २५ + ६६ + ६ + ३ = १००. तीनशे वर्षांपूर्वीचा हा रकाना आजच्या लेखापरीक्षकापुढे ठेवला तरी तो बरोबरची खूण करेल.

आता शीटमध्ये घाला. बी१ मध्ये मुलखाचा वसूल, समजा एक लाख. बी२ मध्ये चौथाई, =बी१*२५%, पंचवीस हजार. खाली बाबती =बी२*२५%, ६२५०. मोकासा १६,५००. सहोत्रा १५००. नाडगौडा ७५०. म्हणजे पंत सचिवांचे सहा टक्के हे मुळात दीड टक्काच. सहा म्हणताना छेद चौथाईचा होता, दीड म्हणताना मुलखाचा. आकडा एकच रुपयाचा, टक्के दोन.

शाळेत ‘छेद’ म्हणून खाली लिहिलेला तो आकडा तेव्हा मुका वाटायचा. टक्क्यांच्या जवळजवळ सगळ्या भानगडी त्याच्याच असतात.

डॉलरचा रुपयाशी संबंध नाही

खर्चाच्या प्रत्येक बाबीचा एकूण खर्चातला वाटा काढायचा असतो. बेरीज बी१२ मध्ये आहे. सी२ मध्ये लिहिलं =बी२/बी१२, उत्तर झकास आलं, मग कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढलं. आणि खाली #डिव्ह/०! ची रांग. कारण सूत्र खाली ओढताना शीटने शहाणपणा केला: बी२ चं बी३ केलं, ते हवंच होतं, पण बी१२ चंही बी१३ केलं. बी१३ रिकामी. शून्याने भागता येत नाही हे तिला चौथीतल्या पोरासारखं पक्कं ठाऊक आहे.

इलाज डॉलरचा. =बी२/बी$१२. तो डॉलर म्हणजे खिळा. ज्याच्या आधी ठोकाल ते हलत नाही. एफ४ कळ दाबली की आपोआप ठोकला जातो. लॅपटॉपवर बहुधा एफएन कळही सोबत दाबावी लागते, नाहीतर भलतंच काहीतरी होतं. माझ्या लॅपटॉपवर आवाज बंद होतो.

जे गेले पाच देश

हा खिळा नव्हे, पण ओढण्याचीच गोष्ट. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज देशाच्या जीडीपीच्या ९०% च्या वर गेलं की विकासदर कोलमडतो, सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असा त्याचा गोषवारा. मंदीनंतरचे दिवस होते. काटकसरीची बाजू घेणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांच्या तोंडी तो नव्वदचा आकडा मंत्रासारखा बसला.

२०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट आवारातला थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी वर्गातला गृहपाठ म्हणून तीच आकडेमोड पुन्हा करायला बसला. जमेना. त्याने लेखकांकडे मूळ शीट मागितली आणि त्यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. सरासरीच्या सूत्रात पल्ला होता ओळ ३० ते ४४. हवा होता ३० ते ४९. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीच्या बाहेर उभे होते.

आता जिभेला जरा लगाम. ‘एक्सेलच्या एका चुकीने जग फसलं’ असं सांगायला फार आवडतं, पण त्या ओळींचा परिणाम तुलनेने लहान होता. मोठा घोळ सरासरीचा होता. न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वाईट वर्ष आणि ब्रिटनची तब्बल १९ वर्षं, यांना एकाच वजनाने तोललं गेलं होतं. शिवाय काही वर्षं गाळलेली होती. सगळं सुधारून हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी काढलेला दर आला २.२%. उणे काही नाही, सरळ अधिक.

सरासऱ्यांची सरासरी काढू नये, हे यातलं घरी नेण्यासारखं. एका तुकडीत १० पैकी ९ पास, म्हणजे ९०%. दुसरीत ९० पैकी ४५, म्हणजे ५०%. शाळेचा निकाल ७०% नाही, १०० पैकी ५४ आहे, म्हणजे ५४%. आधी अंश जोडा, मग छेद जोडा, भागाकार शेवटी.

हेच मोठ्या प्रमाणावर बर्कलीला झालं. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४% ना प्रवेश, स्त्रियांपैकी ३५% ना. सरळसरळ अन्याय दिसत होता. विभागवार टक्के काढल्यावर तो बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला, काही विभागांत तर स्त्रियांचेच टक्के जास्त निघाले. ज्या विभागांत कुणालाच सहजी प्रवेश मिळत नव्हता, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. मला विचाराल तर ही छेदाचीच लबाडी.

सरासरीऐवजी बेरीज

२०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडनमधल्या सौद्यांत सहा अब्ज डॉलरहून जास्त बुडाले. चौकशीत जे अनेक घोळ निघाले, त्यांत एक शीटमधला. दोन दरांतला फरक त्यांच्या सरासरीने भागायचा होता, तो भागला गेला बेरजेने. दोघांची बेरीज म्हणजे सरासरीच्या दुप्पट, तेव्हा उत्तर निम्मं. धोका होता त्याहून कमी दिसू लागला. तोटा काही या एका भागाकारामुळे झाला नाही, पण तोट्याकडे बघायचा चष्मा असा होता.

आणि २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांतून गळाली. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ हून जास्त ओळी मावत नाहीत, पुढच्या गुपचूप पडल्या. नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. दोनाचा विसावा घात.

कलिंगड आणि बेदाणा

जेवणानंतर विचारायचं कोडं. शंभर किलो कलिंगडं उन्हात ठेवली. त्यांत ९९% पाणी आहे असं धरा. संध्याकाळी पाणी ९८% झालं. वजन किती? सगळे ९९ म्हणतात. उत्तर पन्नास.

भांडायला येऊ नका, आधी गर मोजा. सकाळी गर १ किलो, म्हणजे १%. उन्हाने पाणी नेलं, गर नेला नाही. संध्याकाळी तोच १ किलो २% झाला. ज्याचे २% म्हणजे एक किलो, ते पन्नास. टक्का एकाने हलला आणि निम्मा माल गेला.

हे कोडं म्हणून खोटं वाटतं, तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर मात्र रोजचं आहे. ताज्या द्राक्षात साधारण ८०% पाणी, बेदाण्यात १५% च्या आसपास. शंभर किलो द्राक्षांचा बेदाणा किती? ‘पाणी ६५ टक्क्यांनी घटलं म्हणजे उरले ३५ किलो’ असा हिशेब करणारा पहिल्याच हंगामात तोंडघशी पडेल. सूत्र =१००*(१-८०%)/(१-१५%), उत्तर साडेतेवीस. चार किलोंना एक किलो, हा शेडवरचा ढोबळ हिशेब याच्या अगदी जवळ जातो आणि त्यासाठी कुणी शीट उघडत नाही. सोयाबीन विकताना ओलाव्याची जी काटछाट होते, तीही याच जातीची.

चटकन पाच

पन्नासचे १८% तोंडी काढायचे? उलटवा, १८ चे ५०%. नऊ. क्ष चे य टक्के आणि य चे क्ष टक्के नेहमी सारखेच.

‘५०% + २०% सूट’ म्हणजे ७०% नाही, ६०%. दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर मिळते. दुकानदाराला ते ठाऊक असतं, तो तुमच्यासाठी बेरजेचं चिन्ह छापतो.

शेअर ५०% पडला की पूर्वपदाला यायला ५०% नाही, १००% चढावा लागतो.

सचिन तेंडुलकरच्या एकदिवसीय सामन्यांतल्या १८,४२६ धावांचा स्ट्राइक रेट ८६.२३. तोही टक्काच आहे, फक्त चिन्ह लावत नाहीत: शंभर चेंडूंमागे धावा.

बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७%. एवढ्याशा टक्क्यासाठी कर्जतला गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं लावतात. १००% चढ म्हणजे उभा कडा वाटतो, पण तो फक्त ४५ अंशांचा. शंभर मीटर पुढे, शंभर मीटर वर.

द.सा.द.शे.

आठवी-नववीत या चार अक्षरांचा अर्थ न कळताच आपण गणितं सोडवली. दर साल, दर शेकडा. आता बघते तर वाटतं, इतका काटेकोर संक्षेप दुसऱ्या कुठल्या भाषेत नसेल. दोन्ही छेद त्यातच आहेत: कशावर, तर शंभरावर. किती काळात, तर वर्षात.

सावकार यातला निम्मा भाग गिळतो. ‘शेकडा तीन’ एवढंच म्हणतो. दरमहा हे त्याला माहीत, गरजवंतालाही माहीत, पण कानाला तीन गोड लागतात. सरळव्याजाने वर्षाचे ३६%. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर =(१+३%)^१२-१, म्हणजे ४२.५८%.

टक्का आणि टक्क्याचा टक्का यांतला गोंधळ अर्थविषयक बातम्यांत नेहमीचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला. ‘पाव टक्क्याची कपात’ असं मराठी वर्तमानपत्रं लिहितात आणि वाचणाऱ्याला नेमकं कळतं. शीटला मात्र ‘किती टक्के बदल’ विचारलंत, =(नवा-जुना)/जुना, तर ती उणे ३.८५% सांगेल. दोन्ही खरं. पहिला टक्क्यांतला फरक, दुसरा फरकातले टक्के.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४%. कशाच्या? सगळ्या लोकसंख्येच्या नव्हे, सात वर्षं आणि त्यावरच्यांच्या. पाळण्यातल्या बाळाला निरक्षर म्हणायचं नाही, असं ठरलंय.

११८% ने भागा

बिल ११८० चं, जीएसटी १८% धरून. मूळ किंमत किती? बरेच जण ११८० मधून १८% वजा करतात. येतात ९६७.६०. चुकले. १८% लावले गेले ते मूळ किमतीवर, ११८० वर नाही. =११८०/११८%. हजार. टक्क्याने भागता येतं हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मला कुणीतरी मागचं दार दाखवल्यासारखं वाटलं होतं.

एक्सेल टक्क्याची दोन चिन्हंही चालवून घेतं. =५०%% लिहा, ०.००५ येईल. उपयोग काही नाही, पण करून बघितल्याशिवाय राहवत नाही.

आणखी एक. १०% म्हणजे ०.१, आणि ०.१ हा आकडा संगणकाच्या शून्य-एकाच्या भाषेत पूर्ण लिहिताच येत नाही, आपल्या एकतृतीयांशासारखा लांबत जातो. एक्सेलमध्ये =१*(०.५-०.४-०.१) टाका. शून्य यायला हवं. येतो एक अतिसूक्ष्म उणे आकडा, दशांशानंतर सोळा शून्यं. हिशेबात इतक्या बारक्या रकमेवर कुणी दावा सांगायला येत नाही.

फळ्यावरून पद्मासनात

१९७८ च्या सुमारास हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसून विचार करत होता. फळ्यावर आकड्यांचा तक्ता. एक आकडा बदलला की मास्तरांनी पुसायचं, मग त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसायचे. आपोआप का बदलू नयेत? बॉब फ्रँकस्टनला सोबत घेऊन त्याने १९७९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ आणलं. घरगुती संगणक ऑफिसात शिरला तो याच कारणाने. पेटंट काही घेतलं गेलं नाही, तेव्हा सॉफ्टवेअरला ते मिळण्याची फारशी आशाच नसे.

१९८३ मध्ये मिच केपॉरचं ‘लोटस १-२-३’ आलं आणि त्याने बाजार खाल्ला. केपॉर एकेकाळी ध्यान शिकवत असे. लोटस हे नाव पद्मासनावरून. एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं, विंडोजवर दोन वर्षांनी. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, ते नव्हतं. जुन्या फायली बिघडू नयेत म्हणून एक्सेलनेही ती चूक तशीच ठेवली. आजही तिथे २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे.

एक टक्का वर

टक्के पूर्णांकात आणले की बेरीज कधी ९९, कधी १०१. हा प्रश्न संसदांनाही छळतो, कारण खासदार दशांशात निवडता येत नाही. अलेक्झांडर हॅमिल्टनने त्यावर तोड काढली: सगळ्यांना आधी पूर्णांक द्या, उरलेल्या जागा ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना. त्या पद्धतीवर बेतलेलं विधेयक जॉर्ज वॉशिंग्टनने १७९२ मध्ये परत पाठवलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने वापरलेला हा पहिला नकाराधिकार, आणि कारण काय, तर राज्याराज्यांत जागा वाटायचा भागाकार.

आमच्याकडे हे यंदाच्या सभेत झालं. मेंटेनन्सचं सूत्र काकांनी सुधारलं होतं, बिलं २७५० ची गेली होती, वातावरण तापलेलं. मी खर्चाचा तक्ता पडद्यावर लावला. सुरक्षारक्षक ३१%. वीज आणि पाणी २६%. सफाई २०%. लिफ्ट १६%. इतर ८%. आतले आकडे ३०.६, २५.६, २०.२, १५.८ आणि ७.८, बेरीज बरोब्बर शंभर. पडद्यावर दशांश लपवलेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चष्मा नाकावर घेऊन बोटांवर मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्या उभ्या राहिल्या.

“एकशे एक होतात,” त्या म्हणाल्या. “वरचा एक टक्का कुणाच्या खिशात गेला, ते इतिवृत्तात लिहून घ्या.”